चष्मा आणला भाच्याने, नंबर निघाला लेकाचा

मागच्या रमजान ईदला आमच्या घरी पाहुणा आला आणि पाहुण्याबरोबर एक भले मोठे खोके आले. पाहुणा म्हणजे आमच्या आपांचा थोरला, पुण्यात एका कंपनीत संगणकावर काम करतो. खोक्यात होते प्लेस्टेशन ५. आमच्या बोरीत ईदला पाहुणे खजूर आणतात, मिठाई आणतात, लहानांसाठी कपडे आणतात. खेळायचे यंत्र घेऊन आलेला हा पहिलाच.

आमच्या घरात टीव्ही एकच, ३२ इंची, आणि तो बैठकीत असला तरी मालकी अम्मीची. जोहरनंतर त्यांचा कार्यक्रम, मगरिबनंतर बातम्या आणि इशानंतर दुसरा कार्यक्रम. आम्ही शाळेतून येऊन क्रिकेटचा स्कोअर पाहायचा म्हटले तरी इजाजत लागते. भाच्याने प्लेस्टेशन काढताच अम्मींनी रिमोट ओढणीखाली घेतला. भाचेसाहेब हसले. म्हणाले, "नानी, तुमच्या टीव्हीला हात लावत नाही. माझा टीव्ही मी खिशात आणलाय." आणि त्याने डबीतून एक काळा चष्मा काढला.

दिसायला उन्हाळ्यात लावतात तसा गॉगल, फक्त काचा जरा जाड आणि डाव्या-उजव्या दांड्या फुगीर. एका दांडीतून वायर निघते. ती वायर यंत्राला जोडली की टीव्हीवर दिसायचे ते सगळे डोळ्यांसमोर दिसते आणि दांड्यांतल्या बारीक स्पीकरमधून आवाज येतो. एक्सरियल, व्हिचर अशा कंपन्या असे चष्मे बनवतात. किंमत चांगल्या मोबाइलएवढी. आमचा नववीतला लेक तर चष्म्याकडे असा पाहत होता जसा ईदचा चाँद दिसावा.

भाच्याने यंत्राच्या पुढच्या बाजूला असलेल्या टाइप-सीच्या छिद्रात वायर घातली, चष्मा लावला आणि काळोखात बसून राहिला. काहीच दिसेना. वायर काढली, उलटी घातली, यंत्र बंद करून चालू केले. तोच काळोख. तीच वायर त्याने आपल्या मोबाइलला लावली तर चित्र लगेच आले. म्हणजे चष्मा चांगला, वायर चांगली आणि यंत्रही चांगले. मग अडले कुठे?

ज्या घरांत हे खूळ आलेले आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी सांगतो, कारण आमचे चार दिवस यातच गेले.

टाइप-सीचे छिद्र बाहेरून सगळीकडे एकसारखे दिसते, पण आतले काम एकसारखे नसते. काही छिद्रांतून फक्त वीज आणि माहिती जाते. काहींतून चित्रही जाते. चित्र नेण्याच्या या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' म्हणतात. चष्म्याला हीच सोय लागते. हातात धरून खेळायच्या स्टीम डेकसारख्या यंत्राला ती आहे, बऱ्याच महागड्या मोबाइलना आणि लॅपटॉपनाही आहे. तिथे वायर लावली की काम झाले. प्लेस्टेशन ५ च्या पुढच्या छिद्रातून मात्र चित्र बाहेर पडत नाही. त्याचे चित्र मागच्या एचडीएमआयमधूनच निघते, जिथे टीव्हीची वायर लागते. २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विचचेही तसेच. तो आपल्या चौकटीत, म्हणजे डॉकमध्ये बसवला तरच चित्र बाहेर देतो. वायरींचेही तेच आहे. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली वायर बहुधा चित्र नेत नाही, म्हणून चष्म्याबरोबर आलेलीच वायर जपून ठेवावी.

कारण कळल्यावर भाचा आमची मोटारसायकल घेऊन परभणीला गेला आणि बाजारातून एक छोटा कन्व्हर्टर घेऊन आला. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला टाइप-सी. जोडला. पुन्हा काळोख. आता आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही त्याची डबी हातात घेतली आणि वाचली. त्यावर बाण छापला होता, टाइप-सीकडून एचडीएमआयकडे. म्हणजे मोबाइलचे चित्र टीव्हीवर न्यायचा तो रस्ता होता. आम्हाला हवा होता उलटा, एचडीएमआयकडून टाइप-सीकडे. भाचा म्हणाला, "मामू, वायरच आहे ना, इकडून काय आणि तिकडून काय?" तसे नसते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या चित्र नेण्याच्या दोन वेगळ्या भाषा आहेत. मराठीतून उर्दूत करणारा माणूस उर्दूतून मराठीत करीलच असे नाही. आम्ही दोन्ही शिकवतो म्हणून सांगतो.

योग्य कन्व्हर्टर मागवला, तो तीन दिवसांनी आला. त्याला विजेची वेगळी वायर होती, आणि तीही का लागते हे समजण्यासारखे आहे. अशा चष्म्यांत बॅटरी नसते. मोबाइलला लावला की तो मोबाइलची वीज खातो. एचडीएमआयमधून मात्र नावापुरतीच वीज येते, तीत चष्मा उजळत नाही. म्हणून कन्व्हर्टरला बाजूने चार्जर लावावा लागतो. यंत्रालाही बॅटरी नाही. आमच्याकडे लाइट किती नेमाने जाते ते वाचकांना वेगळे सांगायला नको. खेळ चालू असताना ते यंत्र साधारण दोनशे वॅट ओढते, म्हणजे टीव्हीच्या काही पट. घरच्या इन्व्हर्टरवर त्याचा भार टाकू नये आणि लाइट जायची वेळ झाली की आधीच रीतसर बंद करावे.

वीज दिली, वायरी लावल्या, तरी चित्र एक क्षण चमकून गेले. शेवटची कडी होती ती एचडीसीपीची. चित्रपटांची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून यंत्र आणि पडदा यांच्यात हे कुलूप असते, आणि काही कन्व्हर्टरना ते उघडता येत नाही. प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग एचडीएमआय, तिथे 'एनेबल एचडीसीपी' बंद करता येते. खेळ चालतात, चित्रपट दाखवणारी अॅप तेवढी चालत नाहीत. पण गंमत अशी की हे बंद करायला आधी पडदा दिसायला हवा. म्हणून शेवटी अम्मींच्या टीव्हीला हात लावावाच लागला. पाच मिनिटांसाठी. त्या पाच मिनिटांत त्यांनी घड्याळावरून नजर काढली नाही.

आणि मग चित्र आले.

भाच्याने फुटबॉलचा खेळ लावला आणि पहिला मान नानींना दिला. अम्मींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. दूरचे साफ दिसते, तिलावतीला मात्र चष्मा लागतो. त्यांनी तो काळा चष्मा लावला आणि एकदम हात पुढे केला. "या अल्लाह, बैठकीत मैदान आलं!" खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे त्यांनी वाचून दाखवले. मग आमची पाळी. आम्हाला चाळिशीचा चष्मा आहे, वह्या तपासताना तो लावतो. तो काढून हा लावला. साफ. कोपऱ्यातला स्कोअर, खाली धावणारी वेळ, सगळे स्पष्ट. बेगमनेही पाहिले आणि म्हणाली, "डोकं गरगरतं, पण दिसतं छान."

मग लेकाने लावला. "मस्त है," म्हणाला. भाच्याने विचारले, "स्कोअर किती झाला?" लेक गप्प. चष्मा नाकावर वर ढकलला, खाली ओढला, मान तिरकी केली. भाच्याने नाकाच्या पट्ट्या बदलून दिल्या. तरी उत्तर येईना. "हिरवं हिरवं दिसतंय," एवढेच.

तेव्हा आम्हाला वाटले, वायर हलली असेल. चार दिवस वायरींतच दोष शोधत होतो, पाचव्या दिवशीही तिथेच शोधला. पण भाच्याने पुन्हा लावला तर साफ होते. इथे आम्ही जरा थांबलो. सत्तरी पार केलेल्या बाईला दिसते, चाळिशीच्या मास्तराला दिसते आणि चौदा वर्षांच्या पोराला दिसत नाही. हे उलटेच झाले की!

हे का झाले ते समजून घ्यायला चष्म्याच्या आत डोकवावे लागेल. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी एक इवलासा पडदा असतो, साधारण अर्ध्या-पाऊण इंचाचा. तो डोळ्यासमोर नसून वर लपलेला असतो. त्याचे चित्र तिरक्या, अर्धवट आरशासारख्या काचेवर पडून डोळ्यात येते. रात्री परभणीहून शेवटच्या एसटीने येताना खिडकीत आपण पाहतोच की. काचेत आपला चेहराही दिसतो आणि पलीकडची शेतेही दिसतात. तसेच हे. फरक एवढाच की मधल्या भिंगामुळे किरण असे वळतात की ते चित्र दोन बोटांवरून आल्यासारखे न वाटता काही मीटर लांबून आल्यासारखे वाटते. एका नावाजलेल्या चष्म्याच्या कंपनीचा दावाच होता, चार मीटरवर १३० इंची पडदा. गणित केले तर ३२ इंची टीव्ही एक मीटरवर बसून पाहिला तर तो नजरेची तेवढीच जागा व्यापतो. म्हणजे मोठेपणात थोडी जाहिरातही आहे. पण लांबून पाहिल्यासारखे असणे हे मात्र खरे आहे. ज्याला लांबचे नीट दिसत नाही, त्याला दोन बोटांवरचा हा पडदाही धुरकटच दिसणार.

डोळ्यांचे हे शास्त्र ज्यांनी पायापासून मांडले ते इब्न अल-हैसम. जन्म बसऱ्याचा, सुमारे ९६५ सालचा, आयुष्य बरेचसे काहिरात गेले. त्यांच्या आधी युक्लिड, टॉलेमी असे मोठमोठे विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या सात भागांच्या ग्रंथात दाखवले की उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो. वस्तू किती मोठी वाटते हे केवळ डोळ्यातल्या कोनावर ठरत नाही, ती किती लांब आहे असे मन धरते त्यावरही ठरते, हेही त्यांनी मांडले. क्षितिजावरचा चंद्र मोठा का वाटतो याचा विचार त्यांनी याच वाटेने केला. १३० इंची पडद्याची सगळी करामत याच गोष्टीवर उभी आहे. २०१५ साली युनेस्कोने प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले, तेव्हा या ग्रंथाला हजार वर्षे झाल्याचीही आठवण काढली होती. हा धडा आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. मनात कुठले चित्र धरून आपण माणसाकडे पाहतो, हे मात्र त्या दिवसापर्यंत आम्ही स्वतःला विचारले नव्हते.

इशानंतर लेक गच्चीवर वायर गुंडाळत बसला होता. आम्ही जवळ जाऊन बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग वायरीकडेच पाहत म्हणाला, "अब्बा, बोर्ड पे बी ऐसाइच दिखता."

वाचकहो, आता आमची गोष्ट सांगतो, वायरींची झाली.

हा मुलगा आमच्याच शाळेत आहे आणि उर्दू, मराठी या दोन्ही विषयांना आमच्याच समोर बसतो. गेले सहा-सात महिने त्याच्या वहीत आम्ही लाल शाईने एकच शेरा देत होतो, 'दुर्लक्ष'. उर्दूत त्याचे नुक्ते चुकायचे. जीम, हे आणि खे यांचा आकार एकच, फरक काय तो नुक्त्याचा. एक नुक्ता आत, नुक्ता नाही, एक नुक्ता वर. फळ्यावरून उतरवताना तो 'खे'चा 'हे' करायचा. मराठीत अनुस्वार गाळायचा. आम्ही दोन ठिपक्यांच्या भाषा शिकवतो आणि आमच्याच पोराला ठिपका दिसत नव्हता. तोंडी सांगून लिहायला दिले की त्याचे चुकत नसे. हा फरक आमच्या डोळ्यांसमोर होता, पण 'मास्तरचा मुलगा, म्हणून लाडावलाय' असे धरून आम्ही त्याकडे पाहत होतो.

याहून वाईट ते पुढे. ईदच्या महिनाभर आधी तो शेजारच्या मुलाच्या वहीत पाहून लिहिताना सापडला. आम्ही त्याला वर्गासमोर उभे केले. म्हणालो, "मास्तरांचा मुलगा नक्कल करतो, तर बाकीच्यांनी काय करायचं?" तो खाली मान घालून उभा राहिला. तो नक्कल करत नव्हता. फळा दिसत नव्हता म्हणून वहीवरून फळा वाचत होता.

"सांगितलं का नाहीस बेटा?" तर उत्तर आले, "तुम्हीच म्हणता ना, मोबाइल बघून डोळे जातील. गेले म्हणून सांगितलं असतं तर मोबाइल पण गेला असता आणि क्रिकेट पण." शाळेतल्या तपासणीत काय केलेस म्हटले, तर रांगेत पुढच्या मुलांनी मोठ्याने वाचलेली अक्षरे त्याने पाठ केली होती. पाठांतर चांगले आहे, हा आमचाच अभिमान.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याला उणे दोन, डाव्याला उणे पावणेदोन. डॉक्टरांनी सोपा हिशोब सांगितला. शंभराला नंबराने भागा, तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत साफ दिसते. उणे दोन म्हणजे पन्नास सेंटिमीटर. हातभर. वही साफ, मोबाइल साफ. फळा, एसटीची पाटी आणि अब्बांच्या चेहऱ्यावरचा राग, सगळे धुके.

चष्मा मिळाला त्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून तो परभणी ते बोरी रस्त्यावरच्या पाट्या वाचत आला. खतांच्या जाहिराती वाचल्या, झरीच्या दुकानांची नावे वाचली, ट्रकच्या मागे लिहिलेले वाचले. आम्ही हेल्मेटच्या आत होतो ते बरे झाले.

सोमवारी वर्गात आम्ही आधी हजेरी घेतली आणि मग लेकाची माफी मागितली. ज्या वर्गासमोर त्याला उभे केले होते त्याच वर्गासमोर. मुले चुळबुळली, एकदोघे हसली. तो स्वतः खिडकीबाहेर पाहत राहिला. घरी आल्यावर अम्मींना म्हणाला, "दादी, अब्बांनी उगाच सगळ्यांसमोर काढलं." माफीसुद्धा ज्याची त्याला विचारून मागावी, हे आम्ही नंतर शिकलो.

आता काळ्या चष्म्याचे काय झाले, हे विचाराल. भाचा जाताना तो सोबत घेऊन गेला. असल्या चष्म्यांत नंबराच्या काचा बसवायची वेगळी छोटी चौकट मिळते, चष्म्याच्या दुकानात तीत हवा तो नंबर बसवून देतात. काही चष्म्यांना वरच फिरवायची कळ असते, ती फिरवून ठरावीक नंबरापर्यंत चित्र साफ करता येते. पुढच्या वेळी चौकट आणतो, असे तो मामेभावाला सांगून गेला आहे. तोवर आम्ही घरात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, तो चष्मा लावायचा तो बैठकीतच, सगळ्यांमध्ये बसून. कारण त्या आठवड्यात अम्मींनी भाच्याला तीनदा हाक मारली आणि तो हाताच्या अंतरावर असून त्याला ऐकू गेली नाही. टीव्ही भांडणाचा असला तरी सगळे एकीकडे तोंड करून बसतात. या चष्म्याने प्रत्येकाचे मैदान वेगळे होते. दुसरी गोष्ट, लहानांना तो द्यायचाच नाही. चष्म्याबरोबरच्या माहितीपत्रकात वयाची अट दिलेली असते, ती वाचल्याशिवाय मुलाच्या नाकावर चढवू नये. मोठ्यांनीही वीस मिनिटांनी काढून लांब पाहावे, पापण्या मिटाव्यात.

आणि ज्यांच्या घरी असला चष्मा कधी येणार नाही, त्यांनी एवढे करावे. सहा मीटरची दोरी मोजून घ्या. डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता भिंतीवर लावा आणि मुलाला एकेक डोळा झाकून वाचायला लावा. एकेकट्याला बोलवा, रांग लावू नका. अक्षरे पाठ होतात हे आम्ही अनुभवाने सांगतो. अडखळला तर डॉक्टरांकडे न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात शाळेतल्या मुलांचे डोळेही तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डोळे बारीक करून पाहणे, टीव्हीजवळ सरकणे, फळ्यावरचे चुकणे पण ऐकलेले बरोबर लिहिणे, या खुणा लक्षात ठेवा. रोज तास-दोन तास उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांत लांबची नजर बिघडण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून चष्मा लागला तरी क्रिकेट बंद करू नका. आणि मूल डोळ्यांची तक्रार घेऊन आले तर त्या वेळी मोबाइलचे नाव काढू नका. ते नंतर, दुसऱ्या दिवशी बोलता येते.

आमच्या वर्गात आता तक्ता कायमचा लावला आहे आणि दोरी कपाटात ठेवली आहे. पहिल्याच आठवड्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी तिसऱ्या ओळीवर अडखळली. तिच्याही वहीत आमचा लाल शेरा होता. तो आम्ही तिच्यासमोर खोडला आणि तिच्या अब्बांना शाळेत बोलावले. ते उद्या येणार आहेत.